वावर बघायला जाताना: नागपूर भागातल्या नव्या कास्तकारांसाठी

नागपुरात नोकरी करून आता शेतीकडे वळलेली, किंवा वडिलांच्या माघारी गावचं वावर पहिल्यांदाच हाती घेतलेली मंडळी मला नेहमी विचारतात, "जमीन चांगली आहे का, जरा बघून सांगता?" हाच प्रश्न कुणी आमच्या आबाजींना, म्हणजे आजोबांना, विचारला की ते उलट विचारायचे, "कायच्यासाठी चांगली?" आणि लगेच पुढे, "कोणत्या सालात?"

मला माती बघायला शिकवली ती या दोन प्रश्नांनी. भारी काळी जमीन कमी पावसाच्या सालात तारते आणि झडीच्या, म्हणजे दिवसेंदिवस पाऊस न उघडणाऱ्या सालात सोयाबीन पिवळं पाडते. बरड, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीत झड पचते, पण ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाऊस दडला की पीक माना टाकतं. तेव्हा वावर घेताना, मक्त्याने (भाड्याने) करताना किंवा घरचंच समजून घेताना हे दोन प्रश्न सोबत असू द्या. कामं साधारण कोणत्या क्रमाने करायची ते खाली सांगतो.

आधी सातबारा, पण वेगळ्या नजरेने

मालकी आणि बोजा तर सगळेच बघतात. तुम्ही गाव नमुना सातवरचा आकारणीचा रकाना बघा. आकडा इतका किरकोळ असतो की त्यावर कुणाची नजर ठरत नाही. पण इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताची जमाबंदी झाली तेव्हा इथल्या जमिनींची प्रतवारी कास्तकारांच्याच तोंडच्या नावांनी झाली: काळी, मोरंड, खरडी, बर्डी. जिची प्रत वरची, तिचा सारा जास्त. म्हणून एकाच शिवारातल्या दोन-तीन गटांची आकारणी हेक्टरी काढून ताडून बघा. फरक मोठा असेल तर जुन्या लोकांनी त्या मातीला काय किंमत दिली होती ते कळतं. अर्थात प्रतवारी जुनी आहे. उताराच्या वावरातली माती मधल्या काळात वाहून गेलेली असू शकते, तेव्हा हा धागा म्हणून धरा, निकाल म्हणून नको. पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती लावलीय तेही बघा. नाला, खडक, दगडाचे ढीग त्यात लपलेले असतात.

मग नमुना बारा, म्हणजे पीकपेरा. मागच्या पाच-सहा वर्षांच्या नोंदी काढा. २०२१ पासून ई-पीक पाहणी आल्यामुळे अलीकडच्या नोंदी शोधणं सोपं झालंय. विहीर नसताना दरवर्षी रब्बीत हरभरा दिसतो, म्हणजे ती जमीन पावसाळ्याची ओल पौषापर्यंत धरून ठेवते. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत कायम मोकळं दिसत असेल तर माती उथळ असावी, किंवा मालकाला रब्बी जमत नसावी. कोणतं ते गावात गेल्यावर विचारा.

मातीचं नाव विचारा

गावात गेल्यावर भावाची गोष्ट लगेच काढू नका. "या वावराला काय म्हणता?" असं विचारा. बहुतेक जण आधी "काळी आहे" म्हणून मोकळे होतात. त्यावर थांबू नका, कारण काळीतही प्रकार आहेत.

कन्हार म्हणजे खोल, चिकट, काळीभोर. उन्हाळ्यात हिला भेगा पडतात आणि वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते. म्हणून काळी जमीन आपली आपण नांगरते असं जुने लोक म्हणतात. मोरंडही काळी किंवा काळपट तपकिरीच, पण तिच्यात चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. खरडी उथळ, फिकी, दगडमिश्रित. बर्डी म्हणजे तांबूस-पिवळी, मुरमाड, वितभर मातीची. (शहरातली बर्डी, म्हणजे सीताबर्डी, आठवून गोंधळू नका, ही वावरातली.) नदीकाठची गाळाची ती कछार. कन्हान किंवा जामकाठी ती मिळाली तर भाजीपाल्याला तिच्यासारखी जमीन नाही. आणि गावाला लागून असलेलं, पिढ्यान्‌पिढ्या गोठ्याचं शेण-मूत, राख-कचरा खाल्लेलं वावर वेगळंच मोजलं जातं. मूळ माती खरडी असली तरी ते पिकतं.

नागपूर जिल्ह्यात खडकाची जात बदलते, हे लक्षात ठेवा. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरकडे बेसॉल्टचा काळा पाषाण आहे आणि त्याच्यापासून झालेली काळी माती. तिथे कापूस, तूर, संत्रा. पूर्वेला रामटेक, मौदा, कुहीकडे जुने, वेगळ्या जातीचे खडक लागतात. माती फिकी, रेतीमिश्रित होत जाते, तिचं सिहार हे नाव कानावर पडतं आणि धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले तुकडे, सुरू होतात. एकच गुण दोन ठिकाणी उलटा ठरतो. काटोलला "पाणी धरते" म्हटलं की संत्र्यावाला मागे सरतो. मौद्याला तेच ऐकून धानवाला खुश होतो, कारण त्याला बांधीत पाणी उभं राहिलेलं हवंय.

विचारायचं कुणाला? मालकाला विचाराच, पण त्याला वावर विकायचंय किंवा मक्त्याने द्यायचंय. माझा अनुभव असा की सगळ्यात खरी माहिती निंदणाऱ्या बायांकडे असते. वर्षानुवर्षं त्या हातात विळा घेऊन त्या मातीत बसलेल्या असतात. कोणत्या कोपऱ्यात माती दगडासारखी होते, कुठे हरळी हटत नाही, कुठे पाऊस उघडल्यावर तिसऱ्या दिवशीही पाय रुततो, हे त्यांना तासानुसार, म्हणजे ओळीओळीने, माहीत असतं. त्यांच्यानंतर वखर-डवरा चालवणारा माणूस. "बैलाले कुठं जोर लागते?" एवढं विचारा, तो सगळं वावर डोळ्यापुढे उभं करेल. आता ट्रॅक्टरवाल्यालाही हेच विचारता येतं.

तीनदा जा

एका भेटीत वावर कळत नाही. मे महिन्यात जा, तेव्हा भेगा दिसतात. तुऱ्हाटीची लांब काडी घ्या आणि भेगेत सोडा. किती खोल उतरते ते बोटाने धरून मोजा. हात-दीड हात सहज उतरली तर माती भारी आहे, आणि निदान तेवढी खोल तर आहेच.

झड लागली असेल तेव्हा, साधारण पोळ्याच्या आसपास, पुन्हा जा. पाणी धुऱ्यावरून (बांधावरून) कुठे फुटतं, कुठे साचतं, शेजाऱ्याचं पाणी तुमच्याकडे येतं का, हे तेव्हाच दिसतं. वाहत्या पाण्याचा रंग बघा. गढूळ लाल-काळं पाणी धुरा ओलांडत असेल तर तुमची माती चाललीय. तिसरी भेट थंडीत, हरभरा उभा असताना. एकाच दिवशी पेरलेला हरभरा एका भागात हिरवा आणि दुसऱ्यात वाळायला लागलेला दिसला, तर मातीची खोली जिथे बदलते ती रेघच तुम्हाला दिसली.

धुऱ्यावरची झाडं-गवतही बघा, पण एकट्या झाडावर भरवसा ठेवू नका. धष्टपुष्ट बाभूळ बहुधा काळ्या मातीत. कुसळी गवत माजलेलं असेल तर माती हलकी, मुरमाड. लव्हाळा आणि कांस सतत ओल सांगतात, आणि दोन्ही एकदा घुसले की काढता काढता नाकी नऊ येतात. त्याचा खर्च भावात धरा.

खड्डा खणल्याशिवाय होकार देऊ नका

हे काम सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या घरची गोष्ट सांगतो. काटोलकडच्या वावरात वडिलांनी संत्र्याची बाग लावायची ठरवली. माती वरून काळीभोर होती. आबाजी म्हणाले, "वरून कन्हार दिसते, खालून मोरंड हाये. खणून पाह्य." वडिलांनी कलमांपुरते खड्डे घेतले, तेवढ्या खोलीला सगळं काळंच लागलं, आणि लागवड झाली. चार वर्षं झाडं झकास. पाचव्या-सहाव्या वर्षी नवी पालवी पिवळी यायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. खतं दिली, फवारण्या केल्या, झाडं शेंड्याकडून वाळत गेली. शेवटी एका झाडाशेजारी कंबरभर खणलं, तर दोन फुटांखाली पांढऱ्या चुनखडीचा थर होता आणि मुळं त्यावर येऊन आडवी पसरलेली होती. चुन्यामुळे झाडाला लोह उचलता येत नाही, हे आम्हाला तेव्हा समजलं. आबाजींना त्यातलं रसायन ठाऊक नव्हतं, पण मोरंडात संत्रा टिकत नाही हे त्यांनी बघितलेलं होतं.

म्हणून वावराच्या उंच भागात एक, मधे एक आणि खोलगट भागात एक, असे तीन खड्डे घ्या. कोरडवाहू पिकांसाठी तीन फूट पुरे, संत्रा-मोसंबीसाठी चार फूट तरी हवा. खड्ड्यात उतरा आणि एक भिंत खुरप्याने खरवडून ताजी करा.

वरचा थर बोटांनी चुरा. रवाळ, ज्वारी-हरभऱ्याएवढे कण सुटत असतील तर छान. ढेकूळ फुटता फुटत नसेल किंवा पत्र्यासारखं थराथराने निघत असेल तर ट्रॅक्टर ओल्यात फिरलाय. खाली जाल तसं भारी मातीत ढेकळांच्या कडा चकाकतात. बोट फिरवलं तर साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत लागतात. माती फुगताना-आक्रसताना एकमेकांवर घासली जाते, त्याची ती खूण. अशा जमिनीत पाणी उतरायला वेळ लागतो.

आता पांढरे खडे शोधा. कुठल्या खोलीला सुरू होतात ते टेपने मोजा. घरून व्हिनेगर नेलेलं असेल तर मातीवर दोन थेंब टाका. जोरात फसफसलं तर चुना भरपूर आहे. टणक सुट्या खड्यांपेक्षा मातीत पिठासारखा मुरलेला चुना जास्त त्रास देतो, तेव्हा खडा बाजूला ठेवून नुसत्या मातीवरही थेंब टाकून बघा. लिंबूवर्गीय झाडांसाठी मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत असावा अशी शिफारस आहे. नेमका आकडा प्रयोगशाळा देईल, पण फसफस बघून तिथे जायचं की नाही हे तरी ठरतं.

मुरूम लागला तर त्याला सब्बलीने ठोका. भुगा होत असेल तर मुळं त्यात शिरतात आणि पाणीही उतरतं. खणकन आवाज आला की खाली पाषाण आहे, तुमची जमीन तिथे संपली.

शेवटी खड्डा पाण्याने भरा. पहिलं पाणी भेगांतून गडप होईल, त्याला भुलू नका. ते उतरल्यावर पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. रात्र उलटून पाणी तसंच उभं असेल तर तिथे संत्रा लावू नका, मुळं कुजतील. शक्य असेल तर जुन्या तुरीचं एक झाडही उपटून बघा. सोटमूळ सरळ खाली गेलंय की वितभर जाऊन आडवं वळलंय? आडवं वळलेलं असेल तर त्या खोलीला नांगराने टणक थर बांधलाय. तो फोडता येतो, त्यामुळे एवढ्यावरून वावर नाकारू नका.

हातावरच्या दोन परीक्षा

ओल्या मातीची गोळी करून अंगठा-बोटामध्ये दाबत पट्टी काढा. दोन इंचांहून लांब, न तुटणारी पट्टी निघाली तर चिकण माती भरपूर. गोळीच होत नसेल तर रेताड.

दुसरी चोपण, म्हणजे सोडियम चढलेली माती, ओळखायची. सुकं ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या नाहीतर आरओच्या पाण्यात अलगद सोडा आणि हात लावू नका. बोअरचं जड पाणी इथे चालत नाही, ते खोटं सांगतं. ढेकूळ विरघळून खाली बसलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर काळजी नाही. त्याच्याभोवती दुधासारखं ढग पसरलं आणि तासाभराने पाणी गढूळच असेल, तर मातीत सोडियम चढलाय. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्याइतकी अवस्था आपल्याकडे सहसा नसते, पण खोलगट भागात अशी एखादी पट्टी सापडते. तिथे बी उगवणं अवघड जातं.

रंगाबद्दलही सांगतो. काळी म्हणजे सुपीक, हा समज सोडा. काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बरेचदा कमीच असतो, रंग चिकण मातीच्या घडणीतून येतो. काळेपणावरून ती पाणी किती धरेल याचा अंदाज येतो, पोट किती भरलंय याचा नाही.

"किती पिकतं?" हे कसं विचारावं

नवा माणूस विचारतो, "एकरी सोयाबीन किती होतं?" त्याला चांगल्या सालचा आकडा मिळतो. कुणी मुद्दाम खोटं बोलतं असं नाही, माणसाला भरलेलं वर्षच लक्षात राहतं. तुम्ही आण्यांत विचारा. पैसे दशमान होऊन कितीतरी वर्षं झाली, पण गावातली जुनी माणसं अजून सोळा आणे पीक, दहा आणे पीक असंच बोलतात. सोळा आणे म्हणजे त्या जमिनीला जेवढं पेलवतं तेवढं भरून पीक. सरकार आजही पैसेवारी काढतं आणि ५० पैशांच्या खाली गेलेलं गाव टंचाईच्या हिशेबात धरलं जातं. ती याच आणेवारीची पुढची पिढी.

तीन प्रश्न विचारा. सोळा आणे साली किती पोते झाले? झडीच्या साली किती? पाऊस दडला त्या साली किती? मग मागच्या दहा सालांत यातली कोणती किती वेळा आली, ते त्यांच्याकडूनच मोजून घ्या. तुमचा संसार मधल्या आणि वाईट सालांवर चालणार आहे, म्हणून हिशेब त्याच आकड्यांवर करा. दोन वावरं समोर असतील, एक चांगल्या साली भरघोस पण वाईट साली चार आणे देणारं आणि दुसरं कायम दहा-बारा आणे देणारं, तर मी नव्या माणसाला दुसरंच घ्यायला सांगेन. पहिलं परवडायला गाठीशी पैसा लागतो.

पोत्यांचा आकडा ऐकताना तूर मिश्र होती का, विहिरीचं पाणी दिलं का, वजन ओल्या मालाचं की वाळवलेल्याचं, तेही विचारा. कापसाला कोणत्या वेच्यापर्यंतचं सांगताय, हे विचारलंच पाहिजे. हलक्या जमिनीतला कापूस पहिल्या-दुसऱ्या वेच्यातच आटोपतो. भारी जमिनीतला पुढे चालू राहतो.

मग प्रयोगशाळा

जुनं ज्ञान आणि तपासणी यांत भांडण नाही. आबाजी चव घेऊन खारट माती सांगायचे, पण जस्त किती कमी आहे ते जिभेला कळत नाही. उन्हाळ्यात, खत टाकण्याआधी नमुना घ्या. वावराची जेवढी नावं निघाली तेवढे वेगळे नमुने. बर्डी आणि कन्हार एकत्र कालवली तर अहवाल कुठल्याच मातीचा राहत नाही. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वितभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे करा आणि त्यांच्या कडेची माती घ्या. धुरा, झाडाखालची जागा, उकिरडा टाळा. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं अर्धा किलो उरेपर्यंत करा. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं मिळून १२ गोष्टी येतात. फळबागेसाठी मात्र फूट-फूट खोलीचे वेगळे नमुने आणि चुन्याची तपासणी मागून घ्या. आपल्या शहरात राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय आहे. एवढी सोय फार थोड्या शहरांना आहे, तेव्हा संकोच न करता जाऊन भेटा.

पहिलं साल

पहिल्या वर्षी मोठी बाग, ठिबक, शेततळं यांत पैसा घालू नका. शिवारात जे सगळे पेरतात तेच पेरा, पण मातीप्रमाणे वाटून: खोल भागात कापूस-तूर, खरडीवर सोयाबीन, बर्डीच्या तुकड्यावर मूग-उडीद किंवा तीळ. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच तिफण काढा. भारी जमिनीत वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, यायला उशीर लागतो. घाईने ओल्यात ट्रॅक्टर घातला तर तोच टणक थर पुन्हा बांधला जातो. बर्डीवर तलावातला गाळ मिळाला तर टाका. उन्हाळ्यात काठेवाडी किंवा धनगर मेंढ्या घेऊन आले तर चार रात्री त्या तिथे बसवा.

पेरणी झाली की तिन्ही खड्ड्यांच्या जागी ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन आखा आणि चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका. हा बरोबर एक गुंठा. कापणीला या तीन गुंठ्यांचा माल वेगळा काढा, वाळवा, तोला आणि ४० ने गुणा. एकाच वावरातले तीन एकरी उतारे तुमच्या हातात येतील. वहीत आकड्यासमोर त्या सालचा पाऊस कसा झाला ते लिहा: झड कधी लागली, खंड किती दिवसांचा पडला. खुंट्या काढू नका. वखरणीला त्या आड येतील, गडी कुरकुर करेल, तरी पुढच्या साली त्याच जागी तोला.